हलू नका

उमेळे गावात ॲन्सेल्म खांद्यावर बाक घेऊन रस्त्याला लागला, की बघणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नसे. दारात तांदूळ निवडणाऱ्या बायका सूप खाली ठेवून क्रुसाची खूण करत आणि हळूच एवढंच म्हणत, "कोणाकडे?" ॲन्सेल्म घराचं नाव सांगे आणि चालता होई. त्याच्या मागून येणारा सायकलवाला त्याला ओलांडून पुढे जायला कचरत असे. उगाच कशाला, असं माणसाच्या मनात येतंच.

ॲन्सेल्म फोटोग्राफर होता. बाप्तिस्म्याचे, पहिल्या कम्युनियनचे, लग्नाचे फोटो काढायला तो केव्हाही तयार असे, पण लोक तयार नसत. त्याला बोलावणं यायचं ते मयताला. घरातलं माणूस गेलं, की पेटी चर्चला नेण्याआधी तिच्याभोवती सगळं घर उभं राहतं आणि शेवटचा फोटो काढतं. लांब आखातात नाहीतर आफ्रिकेत असलेल्या मुलाला तेवढंच दर्शन. तो फोटो काढावा ॲन्सेल्मने, असं ठरूनच गेलं होतं. एकदा एका लग्नात त्याला चुकून बोलावलं, तर नवऱ्यामुलाने त्याला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो निघाले, पण नवरा सगळ्या फोटोंत आजारी दिसला.

त्याची पद्धत एकच होती, वडिलांकडून आलेली. पेटी दोन स्टुलांवर ठेवायची आणि डोक्याकडच्या बाजूखाली दोन विटा सारायच्या, म्हणजे चेहरा वर येतो. पायाकडे आपला बाक लावायचा, बाकावर कॅमेऱ्याची तिपाई उभी करायची आणि वरून खाली बघत फोटो घ्यायचा. सगळ्यांनी पेटीच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. घरात उजेड बेताचाच. म्हणून ॲन्सेल्म "हलू नका" असं ओरडायचा, लेन्सवरची टोपी काढायचा, हातातल्या घड्याळाच्या काट्यावर नजर लावून "एक... दोन... तीन" म्हणायचा आणि टोपी परत लावायचा. तेवढा वेळ आक्रोश करणारी माणसंही श्वास रोखून उभी राहत. नाक ओढायचीसुद्धा सोय नव्हती.

आपल्या कामाचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची अक्कल मात्र नव्हती. फोटो द्यायला गेला की चहा पिता पिता तो घरच्यांना समजावून सांगे, "हे बघा, जिवंत माणूस श्वास घेतो. कितीही सांगा, तीन मोजेपर्यंत तो जरा तरी हलतोच, म्हणून पुसट येतो. मेलेलं माणूस बघा. पापणीचा केस न् केस दिसतो की नाही?" घरच्यांना हे ऐकून बरं वाटत असेल असं त्याला खरोखरच वाटायचं. त्याची बायको मटिल्डा त्याला म्हणायची, "अहो, तुम्ही फोटो द्या आणि तोंड घरी ठेवून जात जा."

त्र्याहत्तर सालानंतर मात्र त्याच्यात दोन बदल झाले. एक म्हणजे त्याने मुंबईहून फ्लॅश आणला. टोपी गेली, एक-दोन-तीन गेलं, डोळे दिपवणारा एक लखलखाट आणि काम संपलं. लोक म्हणाले, ॲन्सेल्म सुधारला. दुसरं म्हणजे तो खिशात एक छोटा गोल आरसा ठेवू लागला. फोटोच्या आधी पेटीवर वाकायचा, आरसा मेलेल्याच्या नाकाजवळ क्षणभर धरायचा, बघायचा आणि पुसून खिशात टाकायचा. कोणी विचारलं तर म्हणे, "उजेड बघतोय." कारागिराच्या खोडीला कोणी नाव ठेवत नाही. मटिल्डानेही कधी विचारलं नाही.

या बदलांचं कारण बाहेर पडलं ते चौऱ्याऐंशी साली, आणि पडलं तेही टीव्हीमुळे.

उमेळ्याच्या त्या बाजूला टीव्ही एकच, बँकेत नोकरी करणाऱ्या फेबियनकडे. रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा सुटली, की माणसं आपापल्या घरी जायची सोडून फेबियनच्या ओटीवर जमायची. खाडीकडून भाजी विकायला येणारी धोंडूबाई आपली पाटी उतरवून पहिल्या रांगेत बसायची. त्या दिवसांत तिथे अंतराळयानाची एक विलायती मालिका लागत असे. मालिका इंग्रजीत. ओटीवरच्या तीस माणसांत इंग्रजी नीट समजणारी एकटी सुझान, फेबियनची कॉलेजात जाणारी मुलगी. पहिल्या रविवारी तिने प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगायला घेतलं. धोंडूबाईने तिला गप्प केलं. "तू नको बोलू गो. दिसतंय ना समदं."

आणि खरोखरच दिसत होतं. बोलणं कळत नसल्यामुळे ही माणसं मालिका बघत होती ती निव्वळ कॅमेऱ्याच्या भरवशावर. पहिल्या भागात यानाला धक्के बसले तेव्हा कॅमेराही असा गदागदा हलला, की धोंडूबाईला गरगरलं आणि तिने पाणी मागितलं. दुसऱ्या रविवारी परग्रहावरचा प्राणी आला, पण दिसला नाही. कॅमेराच त्या प्राण्याचे डोळे झाला होता. तो जमिनीलगत सरपटत, दगडांमागे थांबत, एका पाठमोऱ्या अंतराळवीराकडे निघाला. जवळ, आणखी जवळ. ओटीवर कोणी जांभईसुद्धा देईना. बघणारे आपण, म्हणजे तो प्राणी आपणच, हे कळल्यावर अर्धी माणसं जी घाबरली ती स्वतःलाच. अंतराळवीर गर्रकन वळून त्यांच्याकडे बघून ओरडला, तेव्हा तीसच्या तीस माणसं त्याच्याबरोबर ओरडली.

ॲन्सेल्म या सगळ्याने हादरून गेला होता. त्याच्या हिशेबी कॅमेरा म्हणजे घरी आलेला पाहुणा. बसवला तिथे बसायचं, उठून स्वयंपाकघरात डोकावायचं नाही. इथे तर कॅमेरा पळत होता, झोपत होता, माणसाच्या नाकपुड्यांत शिरत होता. "खांद्यावर घेऊन धावतोय मेला," तो चिडून म्हणायचा. "आता बघा, खाली ठेवलाय जमिनीवर, म्हणून तो कॅप्टन ताडासारखा दिसतोय. फसवतात तुम्हाला." लोक त्याला गप्प बसायला सांगत. तो गप्प बसे आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसे.

चौथ्या रविवारी यान फार लांबच्या ताऱ्याकडे निघालं. चाळीस वर्षांचा प्रवास, म्हणून अंतराळवीरांना औषध देऊन झोपवायचं असं काहीतरी होतं. हे सुझानला कळलं, बाकीच्यांना नाही. बाकीच्यांना दिसलं ते एवढंच. एक काचेची लांब पेटी. तिच्यात एक तरुण माणूस पाठीवर झोपलेला, डोळे मिटलेले, हात छातीवर. पेटीच्या दोन्ही बाजूंना त्याचे सोबती उभे, मान किंचित खाली. आणि कॅमेरा पायाकडे, उंचावर, वरून खाली बघणारा. चार रविवार एक क्षण न थांबलेला तो कॅमेरा त्या पेटीसमोर आला आणि थांबला. हललाच नाही.

ओटीवरची माणसं उठून उभी राहिली.

कोणी कोणाला सांगितलं नाही. तो देखावा प्रत्येकाच्या घरी प्रार्थनेच्या वेदीशेजारच्या भिंतीवर होता, तंतोतंत याच जागेवरून, याच उंचीवरून घेतलेला. असं बघायचं ते फक्त मेलेल्या माणसाकडे, हे त्यांच्या डोळ्यांना लहानपणापासून माहीत होतं. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. धोंडूबाईने पदर पुढे ओढून विचारलं, "कोन गेला? तरना होता हो मानूस." मागून कोणीतरी मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी ती उचलली. सुझान कळवळून सांगत होती, "अहो, मेला नाहीये तो! झोपवलंय त्याला!" पण मयताच्या घरी पोरीबाळींचं कोण ऐकतं.

ॲन्सेल्मही उभा होता. त्याला अभिमानाने भरून आलं होतं म्हटलं तरी चालेल. विलायतेतल्या माणसालाही शेवटी बाक लावावाच लागला, असं त्याला वाटत होतं.

मग कॅमेरा हलला. तो पायाकडून सावकाश खाली उतरू लागला, हातांवरून, छातीवरून, चेहऱ्याकडे. ॲन्सेल्मच्या कॅमेऱ्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तो करत होता. मेलेल्याच्या अगदी जवळ जात होता. चेहऱ्याने सगळा पडदा भरला. प्रार्थना अर्ध्यावर आली होती. आणि त्या माणसाने डोळे उघडले.

जी किंकाळी उठली ती म्हणे चर्चमध्ये फादरना ऐकू गेली. फेबियन खुर्चीसकट मागे गेला. धोंडूबाईची दातखीळ बसली. एक बाई पायरीवरून खाली अळूच्या वाफ्यात पडली आणि तिथेच बसून राहिली. ॲन्सेल्मचा हात आपोआप खिशातल्या आरशाकडे गेला. या गोंधळात एकच बाई ओरडली नव्हती. तरुणपणी विधवा झालेली रेजिना खांबाला टेकून उभी होती, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. ती टीव्हीकडे बघत नव्हती. ती ॲन्सेल्मकडे बघत होती.

त्या नजरेचा अर्थ ॲन्सेल्मला लगेच कळला. अकरा वर्षं तो त्या नजरेचीच वाट बघत होता. तो तसाच घरी गेला आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेजिना आली. पदराखाली फोटोची चौकट होती. मटिल्डाने "ये गं, बस" म्हटलं, पण ती बसली नाही. चौकट तिने टेबलावर ठेवली. तिचा नवरा बर्नार्ड, पेटीत. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात वाडीत पाणी लावताना त्याला पान लागलं. कोणता साप ते कोणी बघितलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, मान हलवली. उन्हाळा म्हणून त्याच संध्याकाळी पुरलं. बर्नार्ड एकतीस वर्षांचा होता आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

"दादा," रेजिना म्हणाली, "मेलेलं माणूस सगळ्यात ठळक येतं, असं तुमीच सांगितलं होतं ना आमाला?"

ॲन्सेल्मने होकारार्थी मान डोलावली.

"मग बघा हा फोटो. मी ठळक. माझा भाऊ ठळक. मागची भिंत ठळक. फक्त यांचा चेहरा पुसट. हातातल्या रोझरीचे मणीपण एकात एक गेलेत." तिचा आवाज चढला नाही, हेच भयंकर होतं. "इतकी वर्षं मला वाटायचं, फोटोच तसा आला असेल. काल त्या माणसाने डोळे उघडले. मी घरी जाऊन हा फोटो भिंतीवरून काढून बघितला. दादा, हे हलले होते. तुमी हलू नका म्हणालात आणि हे हलले. आमी जिवंत माणूस पुरला काय?"

मटिल्डाने दोन्ही हात तोंडावर दाबले. ॲन्सेल्मने चौकट टेबलावर उलटी करून ठेवली.

कारण ही गोष्ट त्याने रेजिनाच्या अकरा वर्षं आधी बघितली होती. बर्नार्डला पुरल्यावर दुसऱ्या दिवशी डार्करूमच्या लाल उजेडात कागदावर तो चेहरा हळूहळू वर आला, आणि पुसट आला.  इतक्या वर्षांत मेलेलं माणूस त्याच्या फोटोत कधी हललं नव्हतं. त्याने नीट बघितलंच नाही.  एक प्रिंट केली, कडेला काहीतरी पांढरं बिघडल्यासारखं दिसत होतं ते जावं म्हणून फोटो अंडाकृती कापला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि नेऊन दिला. "जरा कमी आलाय," एवढंच बोलला. निगेटिव्ह डब्यात टाकली ती पुन्हा बाहेर काढली नाही. मग फ्लॅश आणला, म्हणजे कोणाला हलायला वेळच मिळू नये. मग आरसा घेतला. पुढच्या शंभरेक मयतांच्या नाकाशी त्याने तो धरला, तो त्या एकासाठी.

हे सगळं त्याने रेजिनाला सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही.

"म्हणजे तुमाला माहीत होतं," रेजिना म्हणाली.

"माहीत नव्हतं. भीती होती."

"आणि तुमी आरसा घेऊन फिरलात." ती एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग ती म्हणाली, "ती निगेटिव्ह आहे ना अजून? काढा."

ॲन्सेल्म उठला. बिस्किटांच्या डब्यांची चळत होती, वर्षावर्षाची. त्र्याहत्तरचा डबा गंजून झाकण बसलं होतं, ते मटिल्डाने विळ्याच्या टोकाने उघडलं. निगेटिव्ह मिळाली. डार्करूम म्हणजे मागची खोली, खिडकीला गोणपाट लावलेली. तिघंही आत गेली. मटिल्डा लग्नानंतर पहिल्यांदाच त्या खोलीत आली होती. तिने रेजिनाचा हात धरून ठेवला होता.

ॲन्सेल्मने या वेळी काही कापलं नाही. घरातला सगळ्यात मोठा कागद घेतला, अख्खी निगेटिव्ह त्यावर उतरवली आणि कागद औषधाच्या ताटलीत सोडला. लाल उजेडात आधी पुरुषांचे काळे कोट आले. मग भिंत आली. मग माणसांचे चेहरे, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे, सगळे श्वास रोखलेले. मग बर्नार्ड आला, पुसट. रेजिनाने डोळे मिटून घेतले.

"उघड," ॲन्सेल्म म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "रेजिना, डोळे उघड. इथे बघ. इथे, कडेला."

पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला एक पितळी कडी होती. फोटोत तिच्या दोन कड्या दिसत होत्या, एकीवर एक सरकलेल्या. पेटीची लाकडी कडही दुहेरी आली होती. वरची फुलं तर एकमेकांत कालवल्यासारखी. आणि त्या कडेवर एक हात होता, तोही पुसट. बाईचा हात, कोपरापर्यंत पांढरं पोलकं. कापून टाकलेलं ते पांढरं म्हणजे हेच.

"तो हलला नव्हता," ॲन्सेल्म म्हणाला. "पेटी हलली होती. बघ, पायाकडची बाजू कशी जागच्या जागी आहे. डोक्याकडे विटा होत्या, ती बाजू कोणीतरी हलवत होतं. तो नाही गं. पेटी."

मटिल्डा मोठ्याने रडू लागली. ॲन्सेल्मचा जीव भांड्यात पडला, अकरा वर्षांनी पडला, आणि तेवढ्यात त्याने रेजिनाकडे बघितलं. तिचा चेहरा आधीपेक्षाही पांढरा पडला होता. ती हाताच्या वर बघत होती.

फोटोतली सगळी माणसं ॲन्सेल्मने सांगितलं तसं कॅमेऱ्याकडे बघत होती. रेजिना बघत होती, तिचा भाऊ बघत होता, कॅमेऱ्यामागे ॲन्सेल्म स्वतः घड्याळाकडे बघत होता. त्या खोलीत मेलेल्या माणसाकडे कोणी बघत नव्हतं. फक्त पेटीच्या उशाशी, खुर्चीवर बसलेली एक म्हातारी त्याच्याकडे बघत होती. बर्नार्डची आई, आल्बिना. तिचा एक हात पेटीच्या कडेवर होता.

"ती रडली नाही," रेजिना म्हणाली. "त्या दिवशी तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. सगळ्यांनी बघितलं. मी तिला दगड म्हटलं, तोंडावर म्हटलं. अकरा वर्षं आमी एका घरात आहोत, दादा. मीठ दे, दार लाव, याच्या पलीकडे मी तिच्याशी बोलले नाही."

प्रिंट पुरती वाळायच्या आतच रेजिना ती घेऊन निघाली. तिची चाल बघून मटिल्डाने ॲन्सेल्मला खुणावलं आणि तोही मागे गेला.

आल्बिना मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली, पण बोटं चलाख. सून शेजारी येऊन बसली याचंच तिला नवल वाटलं. रेजिनाने ओलसर फोटो तिच्यासमोर धरला. म्हातारीने हात लुगड्याला पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"बर्नार्ड," ती म्हणाली.

"आई, हा हात कोणाचा?"

"माझाच की."

"काय करत होता तुमी?"

आल्बिनाने सुनेकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का हिला. मग तिची नजर दारात उभ्या असलेल्या ॲन्सेल्मकडे गेली. "हा ओरडला, हलू नका. समदे थांबले. मी कशी थांबू? लहानपणी त्याला तशीच खोड होती. पाळण्याची दोरी सोडली की डोळे उघडायचा." तिने फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "मी थांबले असते तं तो जागा झाला असता."

ॲन्सेल्मने दाराची चौकट घट्ट धरली. त्याला वाटलं, काल त्या पडद्यावर डोळे उघडले तेव्हासुद्धा आपण इतके हादरलो नव्हतो.

"म्हणून रडला नाहीत?" रेजिनाने विचारलं. 

"झोपवताना कोन रडतं गो?" आल्बिना म्हणाली. "मागाहून रडणार होते. मागाहून तू दगड म्हणालीस. मग राहूनच गेलं."

रेजिनाने शेंगांचं सूप बाजूला सारलं.  सासूच्या मांडीवर डोकं टेकलं आणि अंगात आल्यासारखी हुंदके देऊ लागली. म्हातारी आधी गोंधळली. हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. मग तिने तो सुनेच्या केसांवर ठेवला, आणि तिची मांडी आपसूक हळूहळू हलू लागली.

ॲन्सेल्म तसाच मागे फिरला.

पुढच्या महिन्यात कामणच्या बाजूला एक मयत झालं. ॲन्सेल्म बाक घेऊन गेला, पण फ्लॅश घरीच ठेवून गेला, आणि आरसाही. त्याने पेटीखाली विटा सारल्या, तिपाई उभी केली, लेन्सवरच्या टोपीला हात घातला. सगळं घर सवयीने श्वास रोखून त्याच्याकडे बघू लागलं, तो आता ओरडेल म्हणून. तो ओरडला नाही. त्याने टोपी काढली, घड्याळाकडे न बघता मनातल्या मनात तीन मोजले आणि टोपी लावली. तो फोटो बराच हललेला आला. त्याने तो कुठेही न कापता तसाच नेऊन दिला.